गॅलरी भरली की सांगा

झाडे आमच्या इंजिनिअरांच्या संस्थेचा जिल्हा सचिव झाला आणि त्याला लोकांकडून लेख मागायचं वेड लागलं. यंदा माझा नंबर लागला. "मॅडम, दिवाळी अंकासाठी 'सभासद होण्याचे फायदे' यावर लिहा. नवीन पोरांनी वाचलं पाहिजे. आणि मुद्देसूद लिहा, तुमच्यासारखं फाटे फोडत नको," असं त्याने फोनवर बजावलं. मुद्देही त्यानेच पाठवून दिले: ग्रंथालय, व्याख्यानं, बदललेले नियम वेळेवर कळणं, कामाचा विमा, ओळखपत्र. मी पहिला मुद्दा लिहिला आणि खोडला. आमचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली कायम हरवलेली असायची. व्याख्यानांत मी बऱ्याचदा झोपले आहे. ओळखपत्रावरचा माझा फोटो माझ्या नवऱ्यालाही ओळखू आला नव्हता. तेव्हा झाडे, तुझे मुद्दे तुझ्यापाशी ठेव. मी फाटे फोडणार आहे.

मी आर्वीची. स्ट्रक्चरल इंजिनिअर. हे काय असतं ते सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणखी एकदा सांगते. घर दिसेल कसं हे आर्किटेक्ट ठरवतो. ते उभं कसं राहील हे आम्ही ठरवतो. पाया किती खोल, खांब कुठे, स्लॅबमध्ये लोखंड किती आणि कुठे, हे सगळं आमच्या कागदावर असतं. घर बांधून झालं की आमचं काम भिंतीत आणि गिलाव्यात कायमचं गाडलं जातं. वास्तुपूजेला येणारे पाहुणे फरशीचं कौतुक करतात, नळाच्या तोट्यांचं करतात. बीमचं कौतुक केलेला पाहुणा मला अजून भेटायचा आहे.

त्यात आमच्याकडची जमीन काळी. कापसाला सोन्यासारखी, पण घराला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वर बसलेल्या घराला हलवत राहते. तिच्याखालच्या टणक मुरुमापर्यंत पाया नेला नाही तर भिंतींना भेगा पडतात. मी खोल पाया सांगितला की लोक म्हणायचे, "विहीर खोदून राह्यलो का घर बांधून राह्यलो, बाई?" एका गृहस्थांच्या दिवाणखान्यातली भेग वैशाखात उघडायची आणि श्रावणात मिटायची. त्यांनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं आणि मला अभिमानाने दाखवलं होतं. दुसरे एक गृहस्थ देवघराच्या मधोमध आलेला खांब कापायला निघाले होते. मी आडवी आले तर म्हणाले, "देवापेक्षा तुमचा पिलर मोठा हाय का?" तेव्हापासून गावात माझं नाव 'पिलरवाली बाई' पडलं. मी मनाला लावून घेतलं नाही. खांब अजून देवघरात आहे, आणि त्याला आता शेंदूरही लागला आहे.

हसण्याचा भाग सोडला तर हा धंदा फार एकटा. आर्वीत तेव्हा माझ्यासारखं काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. गणित मी मांडायचं, तपासायचं मी, सही मी करायची, आणि मग पावसाळाभर त्या सहीची काळजीही मीच वाहायची. नवरा शाळेत इतिहास शिकवायचा. मी बीमबद्दल बोलायला लागले की तो माझ्याकडे प्रेमाने बघायचा, आणि त्याला एक अक्षर कळलेलं नसायचं.

अशात गजभिये सर भेटले. वर्ध्याला राहायचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, हातात कायम लांब दांड्याची काळी छत्री. एका शाळेच्या कामावर त्यांनी माझा नकाशा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा तपासला कोनं?"

"मीच. दोनदा," मी म्हणाले.

"तेच डोळे दोनदा पाह्यले त त्याले तपासनं म्हनत नाई, बाई. पहिल्या शनिवारी वर्ध्याले येजा."

मला राग आला होता. पण पहिल्या शनिवारी मी आर्वी-वर्धा एसटीत बसले होते.

आमच्या संस्थेच्या जिल्हा शाखेची जागा म्हणजे पेंटच्या दुकानावरची एक खोली. मधोमध एक मोठं टेबल, त्यावर हिरवं रेक्झिन, खिडकीतून येणारा टर्पेंटाइनचा वास. पद्धत अशी होती की दर बैठकीला ज्याला वाटेल त्याने आपलं चालू काम टेबलावर पसरायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. कौतुक करायला बंदी होती. चूक सापडली नाही तर शंका विचारायची, पण "छान आहे" म्हणून पुढे जायचं नाही. याला आम्ही 'दुसरी नजर' म्हणायचो. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. सरांनी सुरू केलं होतं आणि चालत आलं होतं.

त्या दिवशी मी माझा कागद पसरला. मी एकटीच बाई. सगळे अदबीने नकाशा बघू लागले, एकाने "नीटनेटका आहे" असंही म्हटलं. सर भडकले. "बाई हाय म्हनून सूट देऊन राह्यले का? वरून पडनारा स्लॅब बाई का मानूस पाहून पडते का? झाडे, तू बोल!"

झाडे तेव्हा हिंगणघाटचा नवखा इंजिनिअर होता, शर्ट कडक इस्त्रीचा आणि जीभ त्याहून कडक. पुढे त्याने आर्वीत येऊन माझी दोन-चार चांगली कामंही पळवली. त्या दिवशी मात्र त्याने चाचरत एक शंका काढली, मग दुसरी, मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. मी भांडले, टेबलावर हात आपटले, चहा सांडला. शेवटी सरांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. तो ते प्रत्येक नकाशाला विचारत: "हे लोखंड वर हाय का खाली, हे मिस्त्रीले कसं समजन?"

परतीच्या एसटीत मला जाणवलं की मी कितीतरी वर्षांत एवढी मनमोकळी भांडले नव्हते. माझं बोलणं समजणारी माणसं जगात होती आणि ती पेंटच्या दुकानावर बसत होती. घरी पोचले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय ग, लॉटरी लागली का?"

आता सरांचा तो प्रश्न समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सिमेंट-काँक्रीटला दाबलेलं चालतं, ताणलेलं चालत नाही. म्हणून जिथे ताण येतो तिथे लोखंडाच्या सळया टाकायच्या. साधा स्लॅब दोन्ही बाजूंना टेकलेला असतो, मध्ये खाली झुकू पाहतो, म्हणून त्याच्या सळया खालच्या अंगाला. पण सज्जा किंवा गॅलरी एकाच बाजूला धरलेली असते, दुसरी बाजू हवेत. पसरलेल्या हातावर कुणी बादली अडकवली तर खांद्याची वरची बाजू ओढली जाते, तसं. म्हणून गॅलरीच्या सळया वरच्या अंगाला हव्यात. त्या खाली बसल्या तर ते लोखंड असून नसल्यासारखं. बाहेरून हे कुणालाही कळत नाही. अशी गॅलरी रिकामी असेल तर वर्षानुवर्षं उभी राहील. पडेल ती माणसांनी भरलेली असतानाच.

तळेगावच्या पुढे आत एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या समाजभवनाचं काम माझ्याकडे आलं. समितीचे अध्यक्ष शालिकराव, उंच, पांढरी टोपी, बोलणं कमी. त्यांची बायको कमलाबाई मात्र बोलायची, आणि भवनाला गॅलरी असावी हा हट्ट तिचा. पहिल्याच बैठकीत ती पुरुषांमधून वाट काढत पुढे आली आणि मला म्हणाली, "बाई, लग्न म्हना, भाषन म्हना, मानसं म्होरं बसते न् आमी मांगं. आमाले टोप्याच दिसते. वरतं एक गॅलरी काढून द्या, बायायसाठी. एकदा त पाहू द्या काय होऊन राह्यलं त."

शालिकराव खाली बघून हसले. मी गॅलरी काढून दिली. खरं सांगायचं तर त्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच होती.

ठेकेदार देवीदासभाऊ. माणूस कष्टाळू, कामाला वाघ आणि धीराला शून्य. आदल्या संध्याकाळी मी जाऊन सळया तपासल्या. गॅलरीची जाळी बरोबर वर होती, खाली आधाराला वाकवलेल्या सळयांच्या लहान खुर्च्या होत्या. "उद्या मी आल्याशिवाय काँक्रीटचा माल टाकू नका," असं सांगून आले. सकाळी पोचले तर गॅलरी भरून झाली होती. मिक्सरवाल्याला दुसरीकडे जायची घाई होती म्हणून यांनी उजाडताच सुरुवात केली होती. वरून सगळं गुळगुळीत. मी बडबडले, देवीदासभाऊंनी कान पकडले, विषय तिथेच राहिला असता.

संध्याकाळी देवीदासभाऊंनी मोबाइलवर कामाचे फोटो पाठवले, सोबत हात जोडल्याची चित्रं. त्यातला एक फोटो मी अजून जपून ठेवला आहे. मध्येच मिक्सर अडला होता आणि माल टाकणारी बायामाणसं भिंतीच्या सावलीत न्याहारीला बसली होती. बसली होती ती गॅलरीच्या जाळीवर. मांडीवर भाकरी, शेजारी पाण्याचे डबे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. त्यांच्याखालची जाळी पार तळाला टेकली होती. त्यांचा काय दोष? लोखंडावर बसल्याने लोखंड मरतं हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

मी लगेच फोन लावला. "गॅलरीखालच्या आधाराच्या बल्ल्या काढायच्या नाहीत. मी सांगेपर्यंत एकही बल्ली हलली नाही पाहिजे."

"मॅडम, तुमी सोतः पाह्यलं होतं न् लोखंड!"

"पाहिलं तेव्हा त्याच्यावर कुणी जेवायला बसलं नव्हतं, भाऊ."

"अवो, मंग माल टाकताना उचललं असन पोरायनं."

"उचललं का?"

भाऊंनी फोन ठेवला.

भवनातलं पहिलं लग्न ठरलं होतं. शालिकरावांच्या घरीच वाढलेली त्यांची पुतणी. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि मी म्हणत होते की गॅलरी तोडा. समितीची बैठक बसली. मी हात पसरून, बादलीचं उदाहरण देऊन समजावलं. कुणीतरी मागून म्हणालं, "पिलरवाली बाई भेकड हाय." दुसरा म्हणाला, "वर दहा मानसं उभे करून पाहून घेऊ, पडते का." मी ओरडलेच. शालिकराव एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या एकटीच्या म्हनन्यावर गावानं बांधलेलं पाडू कसं?" त्यात उद्धटपणा नव्हता. प्रश्न रास्त होता. एकट्या माणसाचं 'नाही' म्हणजे हट्ट वाटतो. कमलाबाई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. एक इंजिनिअर नाही म्हणाला की ठेकेदार दुसऱ्याकडे जातो. कुठे ना कुठे हो म्हणणारी सही मिळते, मग बल्ल्या निघतात, तोरण लागतं, आणि गॅलरी भरते. मी आर्वीला परत आले ती जेवले नाही. डोळ्यांसमोर कमलाबाई आणि तिच्या मैत्रिणी त्या गॅलरीत दाटीवाटीने उभ्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी झाडेचा फोन आला. माझी कामं पळवणारा झाडे. मी ताठरून बोलले.

"मॅडम, तुमच्या तळेगावकडच्या कामाचा ठेकेदार माझ्यासमोर बसला आहे," तो म्हणाला. "गॅलरी ठीक आहे असं पत्र मागतो आहे. तुम्ही काय पाहिलं ते आधी सांगा."

मी सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग फोन बाजूला न धरता, मला ऐकू येईल असा तो देवीदासभाऊंना म्हणाला, "भाऊ, आमच्यात रीत आहे. दुसऱ्याच्या कामावर त्याला विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आता विचारलं. मी पत्र देणार नाही. जिल्ह्यात आमच्यापैकी कुणीच देणार नाही. आम्ही सगळेच येतो, तपासून घेऊ."

झाडे, तू फायदे विचारलेस ना? हा घे. त्या क्षणी माझ्या पायाखाली मुरूम लागला. तुझ्या छापील पत्रकात हा मुद्दा नाही, तो टाक.

संस्थेकडे एक यंत्र होतं. काँक्रीटवर फिरवलं की आतली सळई जवळ असेल तर वाजतं. एकट्यादुकट्याला घेणं शक्य नव्हतं म्हणून सगळ्यांत मिळून घेतलेलं. ज्याला गरज त्याच्याकडे ते एसटीने जायचं, जुन्या टॉवेलात गुंडाळून, कुणाच्या तरी मांडीवर बसून. गजभिये सर ते मांडीवर घेऊन आले. सोबत छत्री. झाडे मोटारसायकलवर आला, इस्त्री शाबूत.

गाव जमलं होतं. सरांनी यंत्र कुणाच्या हाती दिलं असेल? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दारात उभ्या कमलाबाईला हाक मारली. "गॅलरी कोनासाठी हाय? बायायसाठी न्? मंग तुमीच पाहा. घाबरू नोका, चावत नाई."

खाली बल्ल्या तशाच उभ्या होत्या, म्हणून ती बिनधोक वर गॅलरीत गेली. झाडेने खडूने रेघा मारल्या होत्या. भिंतीवरच्या बीमपाशी यंत्र ठेवलं तर ते वाजलं. ती दचकली, मग हसली. "वाजते जी!"

"आता हळूहळू बाहेर आना," सर म्हणाले.

वीतभर पुढे आली आणि आवाज बंद झाला. तिने मागे नेलं, वाजलं. पुढे आणलं, बंद. शेजारच्या रेघेवर तेच, त्याच्या शेजारी तेच. खाली उभं गाव ऐकत होतं. झाडेने एका ठिकाणी छिन्नीने खळगा पाडला. बोट आत गेलं तरी सळई लागली नाही. कमलाबाईने यंत्र सरांच्या हातात परत दिलं आणि पदराने हात पुसले.

"याच्यावर आमी उभ्या राह्यलो असतो त?" तिने विचारलं.

शालिकरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि देवीदासभाऊंना म्हणाले, "पाडा."

पुतणीचं लग्न शाळेच्या पटांगणात मांडव घालून झालं. मला पत्रिका होती, म्हणून गेले. बाया मागे उभ्या होत्या, टाचा उंचावून. कमलाबाई मला जेवायला वाढायला आली, पण बोलली नाही. मी बरोबर होते आणि तिचं गाऱ्हाणंही बरोबर होतं, याला आमच्या पुस्तकात कुठे गणित नाही.

गॅलरी पुन्हा भरली त्या दिवसाइतका सुंदर दिवस माझ्या नोकरीधंद्यात दुसरा नाही. वर्ध्याहून निम्मं टेबल आलं होतं. कुणाला बोलावणं नव्हतं, कुणाचं काम नव्हतं. जाळीला पाय लागू नये म्हणून झाडेने फळ्यांचा रस्ता करून घेतला आणि त्यावरून माल नेणाऱ्या प्रत्येकाला तो "फळीवरून! फळीवरून!" असं बजावत राहिला, त्याच्या शर्टाचं वाटोळं झालं. सरांनी प्लॅस्टिकची खुर्ची मागवली, जाळीच्या काठाशी मांडली आणि छत्री उघडून राखणदारासारखे बसले. कुणी जवळ आलं की छत्रीचं टोक जाळीकडे करून म्हणायचे, "इकडं बसाचं नाई बाप्पा. बसाचं असन त माह्या मांडीवर बसा." मजूर बाया खो खो हसत होत्या. न्याहारी आली ती सगळ्यांनी खाली ओट्यावर बसून खाल्ली. देवीदासभाऊंनी स्वतः वाढली.

माल टाकून झाल्यावर सर उठले, ओल्या काँक्रीटकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "आपल्या धंद्यात एक वाईट हाय, बाई. जे पडलं असतं न् पडलं नाई, ते कोनाले दिसत नाई. आपल्यालेच मालूम. ही गॅलरी भरन न्, तवा मले सांगजा."

"भरली की सांगते, सर."

मी सांगू शकले नाही. भवनात पुढे लग्नं झाली असतीलच, पण इंजिनिअरला लग्नाला कोण बोलावतं? करोनात वर्ध्याची खोली सोडली ती सोडलीच. टेबल कुणी नेलं कुणाला माहीत नाही, यंत्राचाही पत्ता नाही. आता बैठक मोबाइलवर होते. पहिल्या शनिवारी पडद्यावर लहान लहान चौकटी उघडतात, बरेचसे कॅमेरे बंद, एकजण काही वाचून दाखवतो, शेवटी सगळे अंगठा वर करतात. कुणी भांडत नाही, कुणाचा चहा सांडत नाही. पोरं हुशार आहेत, कॉम्प्युटरवर क्षणात गणित करतात आणि ते बरोबरही असतं. तरी बैठक संपली की मी बंद पडद्यासमोर थोडी बसून राहते. टर्पेंटाइनचा वास आठवतो. मला कुणीतरी माझी चूक दाखवावी असं फार वाटतं.

सर पुण्याला मुलीकडे गेले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि नजर जवळजवळ गेली. ज्यांनी आम्हाला दुसरी नजर दिली त्यांचंच असं व्हावं, यावर मी काय बोलू? अधूनमधून फोन करते. ते विचारतात, "टेबल भरते का?" मी सुरुवातीला खोटं बोलायचे. आता ते विचारत नाहीत.

आणि गेल्या उन्हाळ्यात कमलाबाईचा फोन आला. इतक्या वर्षांनी. "बाई, वळखलं का? गॅलरीवाली. पुतनीच्या लाहान्या बहिनीचं लग्न हाय भवनात. येजा. आन् खाली नोका बसजा, वरतं या माह्या संग."

मी गेले. भवन माणसांनी फुललं होतं. सवयीने आधी गॅलरीच्या बुडाशी जाऊन वर पाहिलं, कुठे झुकली आहे का ते शोधलं. नव्हती. तेवढ्यात कमलाबाईने माझा हात धरला आणि जिन्यावरून वर ओढत नेलं. मी आयुष्यभर किती सज्जे, किती गॅलऱ्या कागदावर काढल्या, पण गर्दीने भरलेल्या गॅलरीत कधी उभी राहिले नव्हते. बाया, लेकरं, म्हाताऱ्या, कडेवरची बाळं, कठड्याला टेकलेल्या पोरी. पाय ठेवायला जागा नाही. खाली मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली आणि वरून अक्षता पडल्या. पोरी जागच्या जागी नाचायला लागल्या. माझ्या तळव्यांना ती थरथर लागली, आणि मला रडू आलं. शेजारणीला वाटलं नवरीची कुणी असेन.

मी सरांना फोन लावला.

"कुठून बोलून राह्यल्या, बाई? एवढा गलबला कायचा?"

"गॅलरीतून, सर. तळेगावकडच्या. भरली आहे."

मी फोन वाजंत्रीकडे धरला आणि पुन्हा कानाला लावला.

"नाचून राह्यले का?"

"नाचून राह्यले सर. चांगल्या जोरात."

"लोखंड वर हाय न्?"

"वर आहे, सर."

ते हसले, आणि हसता हसता खोकले. कमलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. "कोन हाय?" तिने विचारलं. मी म्हणाले, "छत्रीवाले सर." तिने माझ्या हातून फोन घेतलाच. एका हाताने दुसरा कान बंद करून, वाजंत्रीच्या वर आवाज काढून ती ओरडली, "सर! इथून सारं दिसते जी! नवरीचं तोंड दिसते, सारं दिसते!"

तिला त्यांच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. मी सांगणार होते, पण फोनमधून सरांचा आवाज मलाही ऐकू आला.

"पाहा बाई, पाहा," ते म्हणत होते. "माह्या वाटचंबी पाहून घ्या."